पूजा कॉम्प्लिमेंटरी

"छपराला भोक पाडायचे पैसे वेगळे, की यातच?" सनरूफकडे मान वर करून भिवाने विचारलं.

"यातच, काका." गाडी ताब्यात द्यायला आलेली मानसी हसली. लोअर परळच्या त्या शोरूममध्ये दहा मिनिटं ती गाडीचे गुण गात होती. सहा एअरबॅग. सात सीट, मागची रांग दुमडली की अख्खं कपाट मावेल. चारी बाजू दाखवणारे कॅमेरे. बसल्या जागी खालून गार हवा. ऑन रोड अठरा लाख. "या किमतीत एवढं कोणी देत नाही, सर," हे तिने तीनदा सांगितलं आणि भिवाच्या मुलाने, हर्षवर्धनने, तिन्ही वेळा मान डोलावली.

मग तिने ताट आणलं. कुंकू, निरांजन, नारळ, चाकांखाली ठेवायला चार लिंबं.

"हे कशाला?" भिवाने विचारलं.

"पूजा कॉम्प्लिमेंटरी आहे, काका."

"नको म्हटलं तर किती कमी होतील?"

मानसी पुन्हा हसली. हर्षवर्धन हसला नाही. शेजारच्या गाडीपाशी उभी असलेली माणसं इकडे बघत होती.

"बाबा, इथे नको ना," तो कानाशी येऊन पुटपुटला. "दोन मिनिटांचं काम. सगळेच करतात."

"आपण करतो?"

भिवाच्या वडिलांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली, त्या दिवसापासून यांच्या घरात आरतीचं ताट नाही. हर्षवर्धनने ते उचललं आणि बॉनेटसमोर मोठ्या ऐटीत ओवाळलं.

उलटं.

"सर, असं नाही. घड्याळासारखं फिरवा," मानसी म्हणाली. या वेळी ती हसली नाही. त्याने घाईघाईने हात फिरवला, तशी निरांजनातली वात विझली. त्याची बायको प्रिती फरशीकडे बघत राहिली.

"स्क्रीनवर नाव टाकायचंय," मानसी म्हणाली. फाइल अजून कॅशिअरकडेच होती. "आडनाव काय म्हणालात, सर?"

तो काहीच म्हणाला नव्हता.

"राजापूरकर."

भिवाने हे आडनाव आज पहिल्यांदा ऐकलं. गाव राजापूरजवळचं, एवढं खरं. बाकी गाडीसारखंच, कोरं करकरीत.

स्क्रीनवर अक्षरं उमटली : अभिनंदन, राजापूरकर परिवार! पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली नवरा-बायकोच्या हातात देऊन मानसीने फोन समोर धरला.

"काका, तुम्ही पण या ना मध्ये. फॅमिली फोटो आहे."

"घ्या तुम्ही काढून." भिवा दोन पावलं मागे सरकला. "मी यांच्या शेजारचा. गाडी बघायला आलो होतो."

मानसीने हर्षवर्धनकडे पाहिलं. तो कॅमेऱ्याकडे बघून हसत राहिला.