फक्कीचा चौकोन

"अहो शेवंताबाई, अख्ख्या यार्डात बाईमाणूस तुम्ही एकट्या. एकटीसाठी वेगळा संडास बांधायचा?" विद्यापीठाच्या दुरुस्ती-यार्डाच्या नव्या नकाशावरून बोट फिरवत इंजिनिअरसाहेब हसले. नकाशात गाड्यांची शेड होती, साहेबांची केबिन होती, कारंजंसुद्धा होतं.

सगळ्या विद्यापीठाचे तुंबलेले संडास प्लंबर शेवंता मोकळे करायची. तिला लागली की मात्र टेकडी चढून मुख्य इमारत गाठायची. त्या दिवशी तिनं नकाशातली कारंज्याची जागा तेवढी नीट बघून ठेवली.

भूमिपूजनाला कुलगुरू आले, तेव्हा खोदाईसाठी फक्कीनं आखलेल्या पांढऱ्या रेषांमध्ये, कारंज्याच्या जागी, एक ठसठशीत चौकोन होता. मधोमध हळदकुंकू आणि फुटलेला नारळ.

"हे कुणी आखलं?" साहेब कडाडले.

"मी," शेवंता म्हणाली. "बायकांचा संडास होणार इथं."

"पुसून टाका आधी!"

"पूजा झालीय साहेब. पुसायचं असेल तर तुमच्या बुटानं पुसा."

साहेबांनी पाय उचलला. कुंकवाकडं बघितलं, कुलगुरूंकडं बघितलं आणि उचललेला पाय तसाच मागं घेतला.

शेवंतानं चपला कडेला काढल्या, पदर खोचला आणि चौकोनात उतरून कुदळीचा पहिला घाव घातला.