लग्नघरचा भात

जनावरांच्या डॉक्टरांनी चंद्रीच्या डाव्या कुशीत मूठ दाबून धरली आणि वाट पाहिली. मूठ हलली नाही. त्यांनी जागा बदलून पुन्हा दाबली. गाईचं पोट आतून ढिम्म होतं.

"काय खाल्लं हिनं?"

नथ्थू गुरांच्या कोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं बायकोकडं पाहिलं. कमळा खाली बघत म्हणाली, "भात."

"किती?"

"घमेलंभर. मंग अजून एक घमेलं."

"कधी?"

"काल. पोरगी निघाली तवा."

काल त्यांच्या दिव्यानीचं लग्न झालं होतं. अंगणातला मांडव अजून उतरवला नव्हता. जांभळीच्या डहाळ्या सुकून खाली पानं गळत होती. चंद्री लहान असताना तिच्या मायेला वाघानं नेलं, तेव्हा दिव्यानीनंच तिला पेज पाजून जगवलं होतं. काल सगळे पाठवणीला खोळंबले असताना नवरी शालूसकट कोठ्यात शिरली. उरलेल्या भाताचं घमेलं तिनं स्वतः उचलून आणलं.

"माया लग्नाचं तू नाई जेवली तर कोन जेवल?" असं म्हणत तिनं ते गाईच्या तोंडापुढं ठेवलं. शालूला लाळ लागली. बायकांनी फोटो काढले. घमेलं रिकामं झालं, तशी कुणीतरी दुसरं आणून दिलं.

कमळा दारातच उभी होती. एवढा भात जनावराला सोसत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण पोरगी रडत होती, गाय खात होती. त्यांच्या मधे जायला तिचं मन झालं नाही. मग पाहुणे, भांडी, मांडवातली आवराआवर. कोठ्यात कुणी डोकावलं नाही. सकाळी चंद्री उठलीच नाही. तिच्याखाली पाण्यासारखं शेण पसरलं होतं आणि कोठाभर आंबूस वास होता.

"भाऊ, गाईच्या पोटात चारा जिरवणारे बारीक जीव असतात," डॉक्टर म्हणाले. "गवत असो, धानाची तणस असो, ते हळूहळू जिरवतात. एकदम एवढा भात पडला की सगळं आंबतं. मग ते जीव मरतात आणि पोट बंद पडतं."

"पोट फाडून काढता नाई येत का?"

"काल संध्याकाळी कळलं असतं तर केलं असतं. आता ते आंबलेलं रक्तात गेलंय. तिला सोसणार नाही."

त्यांनी खांबाला सलाईनची बाटली टांगली. बादलीत सोडा कालवला. नथ्थूनं जबडा उघडून धरला आणि डॉक्टरांनी नळीनं ते पाणी आत सोडलं. चंद्रीनं अंगसुद्धा झटकलं नाही. एरवी सुई दिसली की ती दावं तोडायला बघायची.

डॉक्टर हात धूत होते. एकाएकी कमळा पुढं वाकली.

"अहो, पाहा! रवंथ करून राह्यली!"

चंद्रीचा जबडा हलत होता. डॉक्टर ओल्या हातांनीच जवळ येऊन बसले. कर्र, कर्र आवाज येत होता.

"रवंथ नाही, बाई. तोंडात काहीच नाही तिच्या. पोटात कळ येते, म्हणून दात खाते."

कमळानं तरीही मूठभर तणस आणून चंद्रीच्या ओठांना लावली. काड्या खाली पडल्या. तिनं त्या उचलून परत लावल्या.

"आशा धरू नका," डॉक्टर नथ्थूला हळूच म्हणाले. बाटली संपली की सुई कशी काढायची ते त्याला दाखवून ते निघून गेले.

त्यांची गाडी वळली असेल नसेल, तोच नथ्थूच्या खिशात फोन वाजला. दिव्यानीचा व्हिडिओ कॉल. त्यानं वाजू दिला. तो बंद झाला आणि लगेच पुन्हा वाजला.

"उचला," कमळा म्हणाली. "नाई तर दिवसभर लावत राह्यल."

पडद्यावर दिव्यानी दिसली. हात मेंदीनं लाल, डोक्यावर पदर, मागं सासरच्या बायकांचा घोळका.

"बाबा, चंद्री कुठी हाय? दाखवा नं."

"मंग दाखवतो, बाई. चार्जिंग नाई."

"एकच मिनिट, बाबा. आत्याबाईले पाह्यची हाय."

"दाखवा नं, भाऊ," मागून कुणीतरी हसत म्हणालं. "नवरीची गाय आमीबी पाहू."

नथ्थूनं कमळाकडं पाहिलं. ती उठली. टांगलेली बाटली आणि खालची घाण झाकेल अशी ती गाईला खेटून बसली आणि चंद्रीचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. नथ्थूनं फोन वळवला आणि अगदी जवळ, गाईच्या तोंडाशी नेला.

दिव्यानीनं चेहरा पडद्याजवळ आणला. मग मागं वळून म्हणाली, "पाह्यलं का आत्याबाई? बसली की अशीच डोये मिटून रवंथ करते."

बायका हसल्या.

"बाबा, जेवली नं ती? मले वाटलं, मी गेली म्हणून उपाशीच राह्यल."

नथ्थूनं फोन गाईच्या तोंडावरच धरून ठेवला.

"जेवली," तो म्हणाला. "पोटभर जेवली."

कमळानं गाईचा जबडा दोन्ही तळव्यांत घट्ट दाबून धरला. तो कर्र कर्र आवाज फोनमध्ये जाऊ नये, म्हणून.