रुग्णाशी नाते

बाईनं म्हातारीच्या तोंडात दोन बोटं घालून कवळी काढली, रुमालानं पुसली आणि सरळ स्वतःच्या खिशात टाकली. काउंटरवरच्या ताईंनी तोंड वाकडं केलं. या दवाखान्यात त्यांनी बावीस वर्षं काढली होती. थुंकी, शेंबूड, लघवीच्या बाटल्या, सगळं पाहून झालं होतं. पण दुसऱ्याची कवळी खिशात म्हणजे हद्द झाली.

"खोक आता," म्हातारीच्या पाठीवर थापट्या मारत बाई म्हणाली. "नीट खोक. आत ठेवून काय लोणचं घालायचंय त्याचं?"

म्हातारी खोकली. जे निघालं ते बाईनं त्याच रुमालात घेतलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि "पिवळं नाही," असं मोठ्यानं जाहीर केलं. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. ताईंनी नाकावर पदर धरला नाही एवढंच.

खरं तर त्या घाणीपेक्षाही ताईंना खुपत होतं ते बोलणं. ऐंशीच्या घरातली म्हातारी, आणि ही पगारावर ठेवलेली बाई तिला खुशाल अगं-तुगं करते! ऊठ काय, बस काय, गप काय. म्हातारीही काही कमी नव्हती. "मेली ओढते कशी गुरासारखी," म्हणून तिनं दोनदा बोटं मोडली होती. पण म्हातारपणी परस्वाधीन झालेल्या माणसानं बोटं मोडण्यापलीकडे करावं तरी काय? ताईंना तिची कीव येत होती, आणि त्या बाईची नुसती शिसारी.

म्हातारीचा मुलगा मात्र गुणी होता. दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता, तरी हिवाळ्याच्या लसीची सूचना दवाखान्यात लागली की त्याचा फोन ठरलेला. आजही सकाळी आला होता. "ताई, आईची लस राहायला नको हं. तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त." जिभेवर नुसती खडीसाखर. असा मुलगा पोटी यायला पुण्याई लागते, असं ताई घरी आपल्या थोरल्याला ऐकवायच्या. फोन ठेवताना तो आवाज उतरवून म्हणाला होता, "तिच्याजवळ एक बाई असते. तोंडानं फटकळ आहे जरा. सांभाळून घ्या." ताईंनी तेव्हाच ओळखलं होतं. नोकरमाणसं एकदा डोक्यावर बसली की उतरत नाहीत.

नर्सनं म्हातारीला लस टोचली. बाईनं तिची बाही खसकन खाली ओढली, तिला खुर्चीत कोंबल्यासारखं बसवलं आणि एक अर्ज आणून काउंटरवर ठेवला.

"आता माझी."

मागच्या भिंतीवर सूचना होती. साथीच्या तापाची लस, आज शेवटचा दिवस, पासष्टच्या पुढचे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे घरचे लोक यांच्यासाठी. 'घरचे' या शब्दाखाली ताईंनी स्वतः लाल रेघ ओढली होती, कारण दरवर्षी शेजारीपाजारी, भाडेकरू, सगळेच नाती जुळवत यायचे. त्यांनी अर्ज दोन बोटांनी पुढे ओढला. नाव होतं, वय होतं. पत्ता म्हातारीचाच. 'रुग्णाशी नाते' हा रकाना कोरा.

"हे भरा."

"ते राहू द्या."

"राहू द्या कसं? पगारी बायकांची लस त्यांची एजन्सी करते. ही घरच्यांसाठी आहे."

"पगारी?" बाई म्हणाली. "कोण म्हणालं पगारी?"

"पेशंटच्या मुलाचा फोन येतो आम्हाला. दर वर्षी येतो. सगळं ठाऊक असतं आम्हाला."

बाई काउंटरवरच्या फोनकडे बघत राहिली. त्या काळ्या डबड्यातून कुणी बाहेर येणार असावं, तशी.

"इथं करतो होय फोन," ती म्हणाली. मग एकदम भानावर आल्यासारखी पुढे झुकली. "हे बघा ताई, मागच्या हिवाळ्यात माझी सर्दी हिला लागली. एकोणीस दिवस ऑक्सिजनवर होती. फुप्फुसं निम्मी गेलीत तिची. आता पुन्हा ताप झाला तर निभायचं नाही, तुमचे डॉक्टरच म्हणाले. घरात आम्ही दोघीच. मला टोचा, बाकी काय ते नंतर बघू."

तिच्या तोंडाचा वास ताईंपर्यंत आला. रात्र रात्र जागणाऱ्या माणसाच्या तोंडाला येतो तसा, आंबूस. ताई खुर्चीत मागे सरकल्या. थापा मारायच्या, म्हातारीला सगळ्यांसमोर फरफटवायचं, आणि वर लसही उपटायची! काउंटरवर दोन शिक्के होते, 'मंजूर' आणि 'अपात्र'. ताईंनी 'अपात्र' उचलला आणि शाईच्या गादीवर चांगला दाबला.

"पगारी नाही म्हणता, नातंही लिहीत नाही. मग आहात तरी कोण तुम्ही ह्यांच्या?"

खुर्चीत म्हातारीचा डोळा लागला होता. बाईनं एकदा वळून ती झोपलीय याची खात्री केली आणि तिथं आल्यापासून पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली.

"सून होते. अकरा वर्षांपूर्वी हिच्या मुलानं आम्हा दोघींना एकाच दिवशी टाकलं. घटस्फोटाचा कागद तेवढा माझ्या एकटीच्या नावानं आला."