आवाजाची नस

सर्जनबाईंनी माईंच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि आवंढा गिळायला सांगितलं. गाठ वर सरकली, पुन्हा खाली आली. शेजारच्या खुर्चीत अण्णांनीही नकळत आवंढा गिळला.

थायरॉइडची गाठ आता श्वासनलिका दाबू लागली होती. गेलं वर्षभर माई पाठीशी उशा रचून, बसल्या बसल्याच झोपत. घास पाण्याबरोबर उतरवावा लागे. त्या ऑपरेशनला केव्हाच तयार होत्या. लांबणीवर टाकत होते ते त्यांचे यजमान, अण्णा.

सर्जनबाईंनी धोके सांगितले. रक्तस्राव होऊ शकतो. कॅल्शियम उतरलं तर बोटांना मुंग्या येतात, पण त्यावर गोळ्या आहेत. आणि गाठीच्या मागून आवाजाची नस जाते, दोऱ्यासारखी बारीक. तिला धक्का लागला तर आवाज बसतो, क्वचित कायमचा.

"आवाज तेवढा सांभाळा," अण्णा म्हणाले.

"आणि बाई कोणी सांभाळायची?" सर्जनबाईंनी विचारलं. माई हसल्या. अण्णांना हसू आलं नाही.

अण्णांनी लग्न आवाजाशी केलं, हे घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. पाहुणे आले की ती गोष्ट व्हायचीच.

तरुणपणी अण्णा लाकडाच्या वखारीत नोकरीला होते. रोज सकाळी मालकांना परगावचा ट्रंक कॉल लावून द्यायचा, हे त्यांचं पहिलं काम. जड काळ्या रिसीव्हरमधल्या खरखरीतून वाट काढत एक आवाज यायचा, "थांबा हं, जोडून देते." सावकाश, मऊ, शेवटचा शब्द किंचित लांबवलेला. लाइन मिळाली नाही की मालक चिडायचे आणि अण्णा मनातून खूश व्हायचे, कारण फोन पुन्हा लावावा लागे. पुढे पुढे तो आवाज आपणहून विचारू लागला, आज उशीर का झाला, काल सुट्टी होती का. फोन ठेवल्यावर अण्णांना वखारीतल्या करवतीचा आवाजसुद्धा गोड वाटायचा.

एक दिवस त्यांनी केसांतला भुसा झटकला, नवा शर्ट घातला आणि थेट टेलिफोन एक्स्चेंज गाठलं. वखारीचे फोन जोडणाऱ्या बाईंना जरा बोलवा, असं रखवालदाराला सांगितलं. बऱ्याच वेळानं एक सडपातळ मुलगी पायऱ्यांवर आली. हेडफोनच्या पट्टीनं तिचे केस मधोमध दबले होते.

"वखारीचे फोन जोडता, त्या तुम्हीच ना?" अण्णांनी विचारलं.

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग सावकाश, मऊ स्वरात म्हणाली, "थांबा हं, पर्स घेऊन येते."

झालं. अण्णा तिथेच विरघळले.

लग्नानंतर माईंनी नोकरी सोडली, पण बोलणं तेच राहिलं. भाजीवाल्याशी घासाघीस असो की मुलांना दटावणं असो, सगळं त्याच संथ सुरात. आमच्या घरात रागावणंसुद्धा ट्रंक कॉलसारखं येतं, आधी थांबावं लागतं, असं त्यांची मुलगी म्हणायची. ती लहानपणी जिन्यावरून गडगडली तेव्हाही माई ओरडल्या नव्हत्या. ओठ घट्ट मिटून नुसत्या धावल्या होत्या. रोज दुपारी अण्णा वर्तमानपत्र त्यांच्या हातात देत आणि डोळे मिटून ऐकत. बातम्यांशी त्यांना काही देणंघेणं नसायचं.

ऑपरेशनच्या सकाळी माईंनी विचारलं, "अहो, नाहीच राहिला आवाज, तर?"

"राहील. तुझाच आहे तो, जाईल कुठे?"

माई काहीतरी सांगणार होत्या. तेवढ्यात नर्स स्ट्रेचर घेऊन आली.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. गाठ साधी निघाली, कॅन्सर नव्हता. कित्येक महिन्यांनी माई आडव्या पडून गाढ झोपल्या. पहिल्या दिवशी त्यांना बोलू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा वॉर्डात शिरले तेव्हा त्यांना दारातच एक खणखणीत, भरभर, थोडा नाकातला आवाज ऐकू आला. पलीकडच्या खाटेवरची बाई असेल, असं त्यांना वाटलं. पण बोलत होत्या माई. चहा गार आहे, असं वॉर्डातल्या मावशींना सुनावत होत्या.

अण्णा तसेच वळले आणि सर्जनबाईंच्या खोलीत गेले. मी एकच गोष्ट सांभाळायला सांगितली होती, एवढंच त्यांना बोलता आलं.

सर्जनबाईंनी लगेच माईंना तपासणीच्या खोलीत आणवलं. नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा तपासला आणि पडद्यावर अण्णांनाही दाखवला. दोन्ही स्वरतंतू सारखेच उघडत होते, मिटत होते. नस शाबूत होती, सूजही फारशी नव्हती.

"यांचा आवाज होता तस्साच असायला हवा," त्या म्हणाल्या.

"पण हा तिचा आवाज नाही हो," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

वॉर्डात परतल्यावर माईंनी सोबतीला आलेल्या मुलीला औषधं आणायला खाली पाठवलं. अण्णांना जवळ बसवून त्यांचा हात हातात घेतला.

"डॉक्टरांना बोल लावू नका. त्यांनी काही बिघडवलेलं नाही," त्या त्याच खणखणीत आवाजात म्हणाल्या. "शुद्धीवर येताना तोंडातून हाच निघाला. पुन्हा तो दुसरा लावायला आता जीवच होईना."

"दुसरा म्हणजे?"

"माझा आवाज पहिल्यापासून हाच आहे. तुमचे फोन जोडायची ती माझ्या शेजारी बसायची. त्या दिवशी ती रजेवर होती, म्हणून बाहेर मी आले."