तिसरी तपासणी

"गुलाबी झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि निरीक्षकांचा चेहरा पांढराफटक पडला.

त्यांच्या जठरातून नळीवाटे काढलेला कणीएवढा तुकडा पिवळ्या औषधात टाकला होता. जंतू नसते तर औषध पिवळंच राहिलं असतं. ते तासाभरात खुशाल गुलाबी झालं होतं.

ही तिसरी तपासणी. पहिल्या वेळी पंधरा दिवस पित्ताच्या गोळ्या बंद करायला लावून त्यांना पिशवीत फुंकायला सांगितलं, मग बेचव पाणी पाजलं आणि अर्ध्या तासानं पुन्हा फुंकायला सांगितलं. श्वासात जंतूंचा माग सापडला. निरीक्षक म्हणाले, नुसत्या फुंकरीवर कुणाला दोषी धरता येत नाही. दुसऱ्या वेळी शौचाच्या नमुन्याची डबी. तिच्यातही जंतूच. निरीक्षक म्हणाले, डब्यांची अदलाबदल झाली असेल. दुकानदारांची वजनमापं तपासण्यात उभी नोकरी गेलेला माणूस. एका काट्यावर विश्वास टाकायचा नाही, हे अंगात भिनलेलं. आज त्यांनी हूं की चूं न करता नळीसुद्धा गिळली होती.

रिपोर्ट चांगला यावा म्हणून सगळेच पेशंट देव पाण्यात घालून बसतात. निरीक्षकही बसले होते. पण त्यांची भीती निराळी होती. जंतू निघाले, तर लेक निर्दोष सुटत होती.

नऊ वर्षांपूर्वी त्यांनी एका दुकानाचा काटा खोटा म्हणून जप्त केला, आणि लेकीनं त्याच दुकानदाराशी लग्न केलं. महिन्याभरात यांच्या पोटात आग पडली. "ही पोटातली जखम माझ्या लेकीची मेहेरबानी," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सांगताना कळ जराशी कमीही होई. लेकीला घराचं दार बंद झालं. तिचा विषय निघाला की ते पोट धरून बसत आणि बायको मुकाट्यानं दूध तापवायला उठे.

"मनस्तापानं होत नाही का हो अशी जखम?" त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "म्हणजे... एखाद्या व्यक्तीमुळे?"

"मनस्तापानं दुखणं वाढेल. पण जखम या जंतूंची, काका. हे बहुतेक लहानपणीच लागतात, घरातल्या घरात. तुमच्याकडे साठेक वर्षं तळ ठोकून असतील."

निरीक्षकांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. साठ वर्षांपूर्वी लेक जन्मालाही आली नव्हती. नऊ वर्षं ते एकाच काट्यावर तिला तोलत होते, आणि तो काटा त्यांनी एकदाही तपासला नव्हता.

"चौथी तपासणी असते का?" त्यांनी विचारलं. आवाजात काही जोर नव्हता.

"आता पुरे," शेजारी बसलेली बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी दोन आठवड्यांच्या गोळ्या लिहिल्या आणि मान वर न करता विचारलं, "घरातल्या सगळ्यांना एकदा तपासून घेऊ. किती माणसं?"

जनगणनेवाल्यालाही निरीक्षकांनी "दोन" म्हणून ठणकावलं होतं. आता ते बोटं मोजू लागले.

"तीन," ते म्हणाले. मग कष्टानं म्हणाले, "चार. जावई धरून."

"पाच लिहा, डॉक्टर," बायको म्हणाली. "नातीला परवाच चौथं लागलं."