वनमालाची बाज

वनमालाच्या माहेरच्या बाजेत ढेकूण झाले, म्हणून मारोतीनं ती रायपूरला तो कामाला होता त्या कारखान्यातल्या भट्टीत सरकवली. परदेशी जाणाऱ्या पेट्यांचं लाकूड तिथं कीड मरेस्तोवर शेकत. भट्टीतून निघालं की शिक्का, शिक्का पडला की ट्रक. मारोती जेवून येतो तर बाज शिक्क्यानिशी एका मशीनखाली मस्कतच्या वाटेला लागलेली.

“बाज आणल्याबिगर घरी येऊ नका,” वनमाला म्हणाली.

महिनाभर बिचारा कारखान्यातच राहिला. मग मस्कतहून चिठ्ठी आली. कारखान्याच्या शेठनं वाचली, “मशीन मिळालं. त्याखालच्या दोरीच्या पेटीवर आमचे साहेब दुपारी झोपले की उठता उठत नाहीत. असल्या दोनशे पाठवा.”

मारोतीनं हात जोडले. “दोनशे एक करा, भैयाजी. अन् माह्या घरच्या बाजेवर तेवढा शिक्का नका मारू.”