आठ अक्षरांची जागा

बाबा वायरलेस सेट दुरुस्त करायचे. त्यांचा एकच दंडक होता, "आधी सेटमधलं वाचून घ्यायचं, मगच नवं लिहायचं."

ते जाऊन महिना झाला. त्यांचा हातातला सेट त्यांच्या मित्राला द्यायचं ठरलं, म्हणून दुपारी मी तो केबलनं कॉम्प्युटरला जोडला. सेटमधली माहिती वाचणारा-लिहिणारा, 'सी' भाषेतला प्रोग्रॅम माझाच होता. पण जळ्ळी माझी घाई! मी न वाचताच सेटमध्ये कोरी यादी लिहून बसले. बाबांनी एकेका चॅनलला दिलेली नावं एका फटक्यात पुसली गेली.

आईनं झाकलेलं ताट कीबोर्डशेजारी आणून ठेवलं. "दोन घास तरी खा गं. कालपासून पोटात काही नाही."

"खाते," मी म्हटलं. ती गेली.

काही उरलंय का म्हणून मी सेट वाचला. सगळे चॅनल कोरे होते. फक्त पहिल्याच्या नावात, आठ अक्षरांच्या जागेत, इंग्रजी लिपीत एक शब्द होता.

"जेवलीस?"

बाबा कामावरून रोज फोन करून हेच विचारायचे. थाप मारली की आवाजावरून ओळखायचे.

माझ्या प्रोग्रॅममध्ये तो शब्द कुठेच नव्हता. मी दोनदा शोधला. मग डोळे पुसले, त्याच जागी "हो" टाईप केलं आणि सेटमध्ये लिहिलं.

लगेच परत वाचलं.

"खोटं."